सकाळी एकदा, बसच्या आधी

मला लिपस्टिक लावायला शिकवलं ते पांढऱ्या मिशांच्या आणि पांढऱ्या टोपीच्या एका म्हाताऱ्यानं. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे जरा संशयानं बघतात, म्हणून खुलासा आधीच करते. ते न्हावरे गावच्या चौकातल्या मेडिकलचे मालक होते, मी त्यांच्याकडे फार्मासिस्ट म्हणून नोकरीला होते, आणि सगळी शिकवणी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर झाली. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी लिपस्टिक मागून घेतली, उलटी करून तळाची तारीख वाचली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"मुदत संपलीया," ते म्हणाले. "आन् तुम्ही डी.फार्म. ना?"

मी शिरूरहून रोज एसटीनं यायचे. त्या दिवशी परत जाताना ठरवलं होतं की उद्यापासून यायचं नाही. दुसऱ्या दिवशी गेले, कारण दुसरी नोकरी नव्हती. तिसऱ्या दिवसापासून मात्र मला तिथं जायला मजा येऊ लागली, हेही खरं.

सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा. त्यांची उभी नोकरी सरकारी दवाखान्यात औषधं वाटण्यात गेली होती, आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी मेडिकल काढलं होतं. दवाखान्याच्या खिडकीमागं वर्षानुवर्षं उभं राहून माणसाचा जो स्वभाव होतो तो त्यांचा झाला होता. कुणी काहीही मागितलं तरी आधी दोन प्रश्न यायचे. "कवापासून हाय?" आणि "कुणाला दाखवलं?" खोकल्याचं औषध मागणाऱ्याला हे विचारणं ठीकच. आप्पा ते काजळ मागणाऱ्या मुलीलाही विचारायचे. दुसरा प्रश्न तेवढा तिच्यासाठी बदलून घ्यायचे: "कुणाला दाखवायचं हाय?" मुलगी लाजून लाल व्हायची. आप्पांच्या मनात तसलं काही नसायचं. घरी, कंपनीत की लग्नात, यावरून रंग ठरतो एवढंच त्यांना म्हणायचं असायचं.

मेकअपचं सामान मेडिकलमध्ये ठेवणं हे काही त्यांचं स्वप्न नव्हतं. रांजणगावच्या कंपन्यांच्या बस आमच्याच चौकातून सुटत. मुली पायरीवर वाट बघत उभ्या राहत, आणि एखादी डोकेदुखीच्या गोळीबरोबर काजळ मिळेल का म्हणून विचारायची. आप्पांनी काजळ आणलं. काजळामागून लिपस्टिक आली, लिपस्टिकमागून पावडर आणि क्रीम. पण जी वस्तू आपल्याला कळत नाही ती विकायची नाही हा त्यांचा बाणा. मग दुपारी गिऱ्हाईक नसताना हा गृहस्थ मोबाइलवर मेकअपचे व्हिडिओ बघत बसायचा, आवाज बंद करून, चेहऱ्यावर बाजारभावाच्या बातम्या ऐकतानाचा भाव ठेवून.

"मॅडम, हे बघा," एकदा ते मला म्हणाले. "ही पोरगी चाळीस मिनिटं झाली गाल रंगवती. हिला कंपनीची बस न्हाई."

त्यांचा स्वतःचा कोर्स पाच मिनिटांचा होता. ते त्याला कोर्सच म्हणायचे. तोंड धुवायचं, ओलसर असतानाच उन्हाचं क्रीम लावायचं. रंगाचं क्रीम सगळ्या तोंडाला फासायचं नाही, जिथं डाग आहे तिथंच बोटानं थापटायचं. लिपस्टिक एकच घ्यायची आणि ओठांना लावून बोटावर उरेल ती गालाला. काजळ खालच्या पापणीला नाही, वरच्या, म्हणजे घाम आला तरी उतरत नाही. "ब्रश कशाला?" ते म्हणायचे. "हाताला बोटं हायती ना? आन् ती रोज धुतली जात्यात. ब्रश कोण धुतो?"

रंग तपासायची त्यांची पद्धत मात्र गावभर गाजलेली होती. नवी लिपस्टिक, नवं क्रीम आलं की ते बाही वर सरकवून स्वतःच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, एकेक पट्टा ओढायचे. संध्याकाळपर्यंत खाज आली नाही, रंग पसरला नाही, तर माल काउंटरवर. हात धुवायचे ते थेट रात्री. त्यामुळे आप्पा सोसायटीच्या मीटिंगला, कुणाच्या साखरपुड्याला, एकदा तर मयतीलाही असेच गुलाबी-तपकिरी पट्टे घेऊन गेलेले. कुणी विचारलंच तर "टेस्टिंग चालू हाय" म्हणायचे आणि विषय बदलायचे. मला त्या हाताची सुरुवातीला लाज वाटायची. पुढं मीच गिऱ्हाइकांना "आप्पांचा हात बघा आणि रंग सांगा" म्हणू लागले.

गोरं करणारं क्रीम ते विकायचे नाहीत. सरळ नाही म्हणायचे नाहीत, "संपलंय" म्हणायचे, आणि ते माझ्या पूर्ण नोकरीभर संपलेलंच होतं. एकदा एका कंपनीचा विक्रेता पावडरच्या डब्या घेऊन आला. आप्पांनी एक उघडली, बोटानं हातावर ओढली. सावळ्या हातावर खडूची रेघ उठली.

"हा माल कुणासाठी हाय?"

"आप्पा, मॉडर्न शेड आहे. पुण्यात जोरात चाललीय."

"पुण्यात चालू द्या. चौकात जाऊन हुबं राहा, या रंगाची एक बाई घिऊन या, सगळा बॉक्स घेतो. उसात, कांद्यात काम करणाऱ्या बाया हायती आमच्या. ही लावली तर बाई कणकीच्या पिठात पडल्यावानी दिसंल."

विक्रेता हसला. आप्पा हसले नाहीत. पुढच्या फेरीला तो निमूटपणे गव्हाळ आणि त्याहून सावळ्या छटा घेऊन आला, आणि त्या आमच्याकडे सगळ्यात जास्त खपल्या.

पण दुकान खरं चाललं ते पाकिटांमुळे. सरकारी सवयीनं आप्पा प्रत्येक वस्तू खाकी कागदी पाकिटात घालायचे आणि वर पेनानं लिहायचे: सकाळी एकदा, बाहेरून लावणे. लिपस्टिक असो की खरजेचं मलम, पाकीट तेच. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या सुनांना या पाकिटाचं मोल लगेच कळलं. घरात सुनेची पर्स उघडली जाते, पण औषधाच्या पाकिटाला कुणी हात लावत नाही. कितीतरी घरांत देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर बीपीच्या गोळ्यांच्या बाजूला लिपस्टिक उजळ माथ्यानं राहत होती. आप्पांना याचा पत्ता नव्हता. बायका पाकीट मागून घेतात हे बघून गावाला शिस्त लागली असं त्यांना वाटायचं.

एका सासूबाईंनी सुनेच्या पाकिटातलं रंगाचं क्रीम गुडघ्याला चोळलं आणि आठ दिवसांनी स्वतः दुकानात आल्या. "आप्पा, लई गुण आला. तेच द्या." सून मागं उभी, तिचा जीव टांगणीला. आप्पांनी ट्यूब बघितली, सुनेकडे बघितलं, आणि औषधाबाबत कधी खोटं न बोलणारा हा माणूस जरा थांबला. मग म्हणाला, "त्याचा कोर्स संपला आता. ह्ये पुढचं औषध," आणि गुडघ्याचं मलम दिलं. सासूबाई नंतर कितीतरी दिवस तक्रार करत होत्या की पहिलंच चांगलं होतं.

अशा या माणसाच्या घरात एक सून होती, आणि ती दुकानात कधी यायची नाही.

दुकान आणि घर यांच्यामध्ये दार होतं आणि दाराला पडदा. दुपारी पडद्याखालून चहाचे दोन कप यायचे, बांगड्यांचा हात दिसायचा. तो अश्विनीचा. माहेर दौंडचं, वडील रेल्वेत, ती रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. बी.कॉम. झालेली. नवरा म्हणजे आप्पांचा मुलगा. गाई आणि ऊस बघायचा, स्वभावानं गरीब, प्रत्येक गोष्टीला "आप्पा म्हणतील तसं" म्हणायचा. सासऱ्यासमोर पदर, सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, आणि सासऱ्यानंही सुनेच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, ही त्या घरची रीत. लग्नाला तीन वर्षं झाली होती. आप्पांना पंचक्रोशीतल्या पोरींचे चेहरे पाठ होते, फक्त हा एक नव्हता.

अश्विनीला नोकरी करायची होती. रांजणगावच्या एका कंपनीत हिशेबाच्या कामाला मुली घेत होते, आणि तिची मैत्रीण तिथंच होती. तिनं नवऱ्याला विचारलं, नवऱ्यानं आप्पांना. आप्पा म्हणाले, "घरात दुकान हाय, शेती हाय. कंपनी कशाला?" आप्पांच्या बायकोनंही मान डोलावली. विषय संपला. मला हे कळलं तेव्हा राग आला. मी आप्पांना तोंडावर म्हटलं, "रोज सकाळी दुसऱ्यांच्या सुना तयार करून बसमध्ये बसवता, मग स्वतःच्या सुनेनं काय केलंय?"

ते पाकिटावर लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणूनच. त्या पोरींची तोंडं मी रोज बघतो, मॅडम. झोप न्हाई, येळेवर खाणं न्हाई. मी त्यावर रंग लावून देतो. माझ्या घरातल्या पोरीला तेवढं नको."

यावरचं उत्तर मला एसटीत बसल्यावर सुचलं, पण तोवर उशीर झाला होता.

दिवाळीनंतर अश्विनी माहेराहून आली ती तोंडभर पुरळ घेऊन. सासऱ्याच्या दुकानात रंगांनी भरलेलं पाच खणांचं कपाट, आणि तिनं दौंडला स्टेशनबाहेरच्या गाडीवरून पावडर घेतली होती, कारण सासऱ्याकडे लिपस्टिक मागायची कशी? आप्पांना ते कसं कळलं कोण जाणे. त्यांनी मला पडद्याजवळ उभं केलं आणि स्वतः काउंटरमागं, दाराकडे पाठ करून उभे राहिले.

"मॅडम, पेशंटला विचारा, खाज येती का."

पडद्याआडून अश्विनी मला म्हणाली, "ताई, सांगा, घाम आला की येते."

दोघांमध्ये फार तर चार हात अंतर होतं. दोघांनाही एकमेकांचं स्वच्छ ऐकू येत होतं. तरी मी इमानेइतबारे इकडचं तिकडं केलं.

"विचारा, काय लावलं हुतं."

"पावडर म्हणे, आप्पा. गोरी करणारी."

आप्पांनी डोळे मिटले. "तारीख बघितली हुती का, विचारा."

पडद्याआड नुसत्या बांगड्या वाजल्या.

आप्पांनी मलम काढलं, पाकिटात घातलं, लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते पडद्याखालून सरकवलं. तेवढ्यात अश्विनी हळूच म्हणाली, "ताई, त्यांना विचारा, बरं वाटल्यावर कंपनीत अर्ज करू का?"

मी आप्पांकडे वळले. विचारायची गरज नव्हती. ते कपाटाकडे तोंड करून बाटल्या सरळ करत होते, आधीच सरळ असलेल्या.

"हा औषधाचा प्रश्न न्हाई," ते म्हणाले.

पुरळ गेली. अश्विनीनं अर्ज केला. कुणाला न विचारता, माझ्या मोबाइलवरून. मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं, आणि नवरा म्हणाला, "आप्पा म्हणतील तसं." त्या रात्री ती बहुतेक झोपली नसावी.

सकाळी आठचा सुमार होता. जनरल शिफ्टची बस यायची होती, काउंटरसमोर चार-पाच बायका. आप्पा एकेकीला प्रश्न विचारत, पाकिटं भरत होते. आणि अश्विनी आली. पडद्यातून नाही. घराच्या मागच्या दारानं बाहेर पडून, वळसा घालून, रस्त्यानं, पुढच्या पायरीवरून. अंगावर निळी साडी, डोक्यावर पदर, खांद्याला पर्स, हातात फाइल. ती रांगेत शेवटी उभी राहिली.

बायकांनी ओळखलं. एकीनं "तू हो पुढं" म्हटलं. अश्विनी म्हणाली, "नाही, माझा नंबर येऊ दे."

तिचा नंबर आला. आप्पांची नजर काउंटरच्या काचेवर होती. आपल्या दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि त्या साडीचा काठ त्यांनी ओळखला होता.

"काय पायजे?" त्यांनी काचेला विचारलं.

"पाच मिनिटांत होईल असं द्या. रोजचं."

"कुणाला दाखवायचं हाय?"

"कंपनीला. दहाला मुलाखत आहे."

मधे मी नव्हते. तीन वर्षांत पहिल्यांदा ती दोघं एकमेकांशी बोलत होती, आणि ते बोलणं लिपस्टिकबद्दल होतं. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

आप्पांनी बाही वर सरकवली, हातावरचे पट्टे बघितले. दोन क्रीमं काढून समोर ठेवली, परत उचलली. चेहरा बघितल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाला रंग दिला नव्हता. बाहेर कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं आणि ती चालू होत नव्हती.

"वर बघा," आप्पा म्हणाले.

अश्विनीनं पदर मागं घेतला आणि मान वर केली. आप्पांनी बघितलं, नीट, सावकाश, कपाळापासून हनुवटीपर्यंत, जसं सगळ्यांना बघायचे तसं.

"डोळ्याखाली काळं झालंय," ते म्हणाले. "कवापासून हाय?"

"लग्न झाल्यापासून."

ती रडत नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं तिनं दिलं. आप्पांचा हात क्रीमच्या ट्यूबवर होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी टोपण काढलं आणि ट्यूब माझ्याकडे दिली.

"मॅडम, ह्यांच्या डोळ्याखाली लावा. घासू नका, थापटा. तिसरं बोट घ्या, त्यात जोर कमी असतो."

मी लावलं. लिपस्टिक त्यांनी निवडली, विटकरी रंगाची. "कंपनीला लाल न्हाई चालत," म्हणाले. ओठांची उरलेली गालाला, काजळ वरच्या पापणीला. आरसा धरला तर अश्विनी स्वतःकडे बघतच राहिली. खरं सांगते, फार काही बदललं नव्हतं. रात्रभर झोप झाली असती तर ती जशी दिसली असती तशी दिसत होती.

तेवढ्यात कंपनीची बस वळणावरून आली आणि न थांबता पुढं जाऊ लागली. चालकाला पायरीवर कुणी दिसलं नसणार, सगळ्या आत काउंटरला चिकटलेल्या. आप्पा दुकानाच्या वेळेत काउंटर सोडायचे नाहीत, दुकानात साप निघाला होता तेव्हाही सोडला नव्हता. त्या दिवशी ते काउंटरची फळी उचलून बाहेर आले, टोपी सावरत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि पट्टे ओढलेला हात वर केला. बस करकचून थांबली. चालक खिडकीतून ओरडला, "काय आप्पा, मरायचंय का?"

"पाशिंजर हाय," आप्पा म्हणाले. "रांजणगावला कंपनीच्या गेटवर सोड. गेटच्या आत, बाहीर न्हाई."

बायका चढल्या. अश्विनी शेवटी चढली. आप्पा तोवर परत काउंटरमागं गेले होते आणि तिनं न घेताच सोडलेलं पाकीट हातात धरून उभे होते. मी ते धावत जाऊन खिडकीतून दिलं. वर लिहिलं होतं: सकाळी एकदा, बसच्या आधी.

तिला नोकरी लागली. घरात आठवडाभर अबोला चालला, तो आप्पांच्या बायकोनं धरलेला होता. मुलानं विचारलं तेव्हा आप्पांनी म्हणे त्याला सांगितलं, "तू सकाळची धार काढून झाल्यावर तिचा डबा भरत जा." दुपारचा चहा आप्पा स्वतः करू लागले. तो इतका वाईट असायचा की मी शिरूरहून थर्मास आणायला लागले.

गावात बोलणं व्हायचंच. एक दिवस सोसायटीचे एक जुने संचालक गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला आले आणि काउंटरवर रेलून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आप्पा, सूनबाई कंपनीत जाती म्हणं. तुमच्या घरात काय कमी हाय?"

आप्पा गोळ्या मोजत होते. औषधाबाबत खोटं न बोलण्याची त्यांची ख्याती अजून शाबूत होती.

"डॉक्टरनी सांगितलंय," ते म्हणाले. "तब्येतीसाठी."

"असं व्हय?" संचालकांचा आवाज एकदम मऊ झाला. "आन् किती दिवस जावं लागंल?"

आप्पांनी पाकीट बंद केलं आणि त्यांच्यापुढं सरकवलं.

"रिटायर हुईपर्यंत."